शेवटचं टोपलं

चार नंबरच्या प्लॉटमधली माती चाळताना चाळणीवर निळ्या बांगडीची काच राहिली. नखाएवढी. मी ती तळहातावर घेतली, बाटलीतल्या पाण्याने धुतली आणि उन्हात धरून पाहिली. तिच्यासोबत सीताफळाच्या तीन बिया होत्या आणि शाम्पूच्या पुडीचा फाटलेला कोपरा.

फेब्रुवारी अर्धा झाला होता. कपाशीची पऱ्हाटी उपटून वावर मोकळं केलेलं होतं आणि काळ्या जमिनीला भेगा पडायला सुरुवात झाली होती. मी एकटीच होते. गिरमिटाने पंधरा सेंटिमीटरपर्यंतची माती काढायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची, पिशवीत भरून नंबर घालायचा, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. चार नंबरनंतर मी सात नंबरमध्ये गेले. तिथे दोन काचा निघाल्या, त्यातली एक हिरवी. अकरा नंबरमध्ये काच नव्हती, पण बिया होत्या आणि काळं पडलेलं शर्टाचं बटण होतं. मग उरलेल्या नऊ प्लॉटमधून एकेक नमुना काढला. त्या नऊ नमुन्यांत यातलं काहीही नव्हतं.

बांधावर बसून मी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच पुन्हा बंद केली.

चार, सात आणि अकरा हे माझे कोरे प्लॉट होते. तीन वर्षं त्यांत काहीही टाकलेलं नव्हतं. निदान माझ्या वहीत तसं लिहिलेलं होतं.

वावर बबनरावांचं. पुसदहून महागावकडे जाताना एका फाट्यापासून चार किलोमीटर आत त्यांचं गाव आहे. घर गावाच्या टोकाला आणि वावर घराच्या मागेच. पुसदच्या शाळेत मी अकरा वर्षं विज्ञान शिकवलं, आणि पस्तिसाव्या वर्षी नोकरी सोडून पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता शेणखत टाकलेल्या जमिनीतून निघणारे वायू. शेणखतातला नायट्रोजन जमिनीतले सूक्ष्मजीव वापरतात. जमीन ओली होऊन तिच्यातली हवा कमी झाली, की त्या नायट्रोजनचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन वर निघून जातो. थोडाच, पण उष्णता धरून ठेवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून भारी आहे. आपल्या काळ्या जमिनीतून शेणखतामुळे तो नेमका किती निघतो, हे मला मोजायचं होतं.

त्यासाठी पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद असे बारा प्लॉट आखले. तिघांना शेणखत, तिघांना युरिया, तिघांना दोन्ही अर्धं अर्धं, आणि तिघांना काहीच नाही. काही न टाकलेली जमीनही थोडा वायू सोडतेच. खताच्या प्लॉटच्या आकड्यातून कोऱ्या प्लॉटचा आकडा वजा केला, की खतामुळे किती वाढला ते कळतं. सगळं गणित त्या तीन कोऱ्या प्लॉटवर उभं होतं.

प्रत्येक प्लॉटमध्ये एक लोखंडी कडं जमिनीत ठोकून बसवलेलं होतं. त्यावर पेटी उपडी ठेवायची आणि दर दहा मिनिटांनी सुईने आतली हवा ओढून काचेच्या छोट्या बाटलीत भरायची. पहिल्या दिवशी बबनरावांनी हा प्रकार अर्धा तास उभं राहून पाहिला. मग घराकडे तोंड करून ओरडले, “ओ नयनची माय, ये इकडं! मॅडम जमिनीचा पाद पकडून राह्यल्या!”

त्यांच्या पत्नी बेबीताई पदर तोंडाला लावून आल्या. “लाज वाटते का काई तुमाले? कॉलेजातल्या बाई आहेत त्या,” असं नवऱ्याला म्हणाल्या, आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच, “खरंच का हो मॅडम? वास येते का तिले?”

“नाही, या वायूला वास नसतो.”

“मंग आमच्या ह्यायच्यापरीस बरी.”

बबनराव सगळ्यात मोठ्याने हसले. त्या दिवसापासून गावात माझ्या पेट्यांना पादडबे म्हणू लागले. “आज पादडबे उघडले का?” असं फाट्यावरचा पानटपरीवालाही विचारायचा.

तीन पावसाळे मी पाऊस पडून गेल्यावर चोवीस तासांनी तिथे हजर असे, सकाळी नऊच्या आत. पेट्या ठेवून, बाटल्या भरून झाल्या की बेबीताई चहा आणत. त्यांचे गुडघे, नयनची पुण्यातली खोली, माझं न झालेलं लग्न, विहिरीचं पाणी, कोणाच्या सुनेचं माहेरी निघून जाणं, या सगळ्यावर आम्ही बोललो. मे महिन्याच्या शेवटी पुसदजवळच्या एका डेअरीतलं चाळलेलं शेणखत मी गोण्यांतून आणत असे. प्लॉटला पंचवीस किलो, काट्यावर मोजून. ते पसरायलाही बेबीताईच मदतीला येत. त्यांच्या हाताला जी सफाई होती ती माझ्या हाताला कधी आली नाही. मी टाकलेलं खत ढेकळांसारखं पडायचं, त्यांचं चादर अंथरल्यासारखं.

तीन वर्षांची सरासरी अशी आली. शेणखताच्या प्लॉटमधून तासाला चौरस मीटरमागे बावन्न मायक्रोग्रॅम नायट्रोजन या वायूतून जात होता, आणि कोऱ्या प्लॉटमधून एकतीस. अशा जमिनीत कोरा आकडा बारा-पंधराच्या आसपास असायला हवा होता. काळ्या जमिनीत जुना नायट्रोजन साठलेला असतो, असं लिहून मी त्या एकतिसाचं दोन परिच्छेदांत स्पष्टीकरण दिलं. ते मला पटलं होतं. मला पटवून घ्यायचं होतं, हे आता म्हणता येतं. कारण कोरा आकडा मोठा असल्यामुळे शेणखताच्या नावावर जाणारा वायू आतापर्यंत धरतात त्याच्या जवळजवळ निम्माच निघत होता. माझे मार्गदर्शक चंद्रशेखर सर फोनवर म्हणाले होते, “सुनीती, लोक आपल्याला विचारायला येतील बरं का.” त्यांचा आवाज इतका आनंदी मी आधी ऐकलेला नव्हता.

या आकड्यांवरचा माझा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे गेला. जानेवारीत परीक्षकाचा एकच प्रश्न आला. कोऱ्या प्लॉटमधला सेंद्रिय कर्ब तीन वर्षांत ०.४२ टक्क्यांवरून ०.५१ वर कसा गेला? प्रश्न योग्य होता; जमिनीत काही न टाकता तो असा वाढत नाही. त्याचं उत्तर शोधायला म्हणून मी त्या दिवशी गिरमिट घेऊन आले होते. प्रबंध द्यायची माझी मुदत तीस जूनला संपत होती. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. दुसरी मिळत नाही.

बेबीताई मागच्या अंगणात सुपाने तूर पाखडत होत्या. मी त्यांच्यासमोर तळहात उघडला.

“बेबीताई, ही काच तुमच्या बांगडीची का?”

त्यांनी सूप खाली ठेवून काच चिमटीत धरली. “माहीच असन. सोनूच्या लग्नात भरल्या होत्या निळ्या. महिनाभरबी नाई टिकल्या. कुठं गवसली?”

“वावरात. चार नंबरच्या तुकड्यात.”

“हाव, मंग खतात गेली असन. झाडलोट सारी उकिरड्यावरच जाते.”

“चार नंबरमध्ये खत टाकलेलंच नाही.”

“तुमी नाई टाकलं,” त्या म्हणाल्या. “मी टाकलं.”

हे त्यांनी भाजीत मीठ टाकलं म्हणावं तसं सांगितलं. काच माझ्या तळहातावर परत ठेवून त्या पुढे बोलत राहिल्या.

“आमच्या सासूबाईची रीत आहे. उकिरडा उपसून होते ना, त शेवटचं टोपलं आपलं जथी मन येईन तथी नाई टाकाचं. वावरातला जो कमजोर तुकडा असन त्याले द्याचं. तिची सासूबी देत होती म्हने. आता तुमच्या त्या तीन तुकड्याइतकं कमजोर काय राह्यलं सांगा वावरात? पऱ्हाटी पिवळी, बोंडं बोरावानी. डोक्यावर भरलं टोपलं अन् त्यायच्या बाजूनं जावा लागे मले. पाय उचलत नव्हता माय. अन् तिघायले एका टोपल्यानं काय होते, मंग उरलंसुरलं सारं त्यायलेच.”

“दर वर्षी टाकलंत?”

“दरसाली. तुमी तुमचं खत पसरून गेल्या का दोन-चार रोजानं. मले वाटे, तुमी गोन्या मोजून आनता, ह्या तिघायलेच पुरत नाई बिचाऱ्यायले.” त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “काहून? चुकलं का काई?”

“बघू,” मी म्हटलं.

परतताना फाट्यापर्यंतचे चार किलोमीटर मी पायी आले. आमच्या भागात खताची बंडी, म्हणजे बैलगाडी, पुरुष भरतात आणि वावरात ठिकठिकाणी ढीग टाकून देतात. ढिगातून टोपली भरून डोक्यावर नेणं आणि पसरणं हे बायांचं काम. हे मला माहीत होतं. मी लहानपणापासून पाहत आले होते. प्रयोगाचे नियम मी बबनरावांना समजावून सांगितले होते, ओट्यावर बसून, दोनदा. तीन प्लॉटमध्ये काहीही टाकायचं नाही, असं कागदावर लिहून त्यावर त्यांची सही घेतली होती. ढीग त्या बाजूला टाकायचे नाहीत, हे त्यांनी बंडीवाल्याला सांगितलंही होतं. त्यांच्याकडून चूक झालेली नव्हती. ज्या बाईच्या डोक्यावर टोपलं होतं, तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. माझा प्रयोग ज्या तीन तुकड्यांना मुद्दाम उपाशी ठेवत होता, त्यांनाच तिच्या घरची रीत हुडकून काढणार होती. दुसरं काही होणं शक्य नव्हतं. दर खेपेला तिच्याशी बोलत असताना मला हे तीन वर्षांत एकदाही सुचलं नाही.

फाट्यावरून मी चंद्रशेखर सरांना फोन करून सगळं सांगितलं.

“आणखी कोणाला माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“मला माहीत आहे, सर.”

“तसं नाही म्हणत मी.” ते खोकले. “थांब. विचार करू दे. किती टाकलं ते कळेल का? प्लॉटमागे किती टोपली? नेमकं कळलं तर तो कोरा प्लॉट नाही, कमी खताचा प्लॉट असं म्हणता येईल. दोन मात्रा, दोन आकडे. सरळ रेघ काढायची आणि शून्यापर्यंत मागे न्यायची. कमजोर आहे. पण उभं राहील.”

“त्यांच्या खतातला नायट्रोजन वेगळा असेल.”

“उकिरड्यातला नमुना घे आणि तपास. टोपल्याचं वजन घे. आणि त्यांना नीट विचार. सावकाश विचार, घाबरवू नकोस.”

खोलीवर येऊन मी वही उघडली. बेबीताईंचं टोपलं मी अनेकदा उचललं होतं. अकरा-बारा किलो धरायला हरकत नव्हती. प्लॉटमागे एक टोपलं धरलं तर रेघ शून्य खताला तेरावर येऊन थांबत होती. तेरा. असायला हवा होता तोच आकडा. दोन टोपली धरली तर रेघ शून्याच्या खूप खाली जात होती. म्हणजे काही न टाकलेली जमीन वायू सोडण्याऐवजी भराभर आत ओढून घेते, असा अर्थ झाला. तो कोणीही मान्य केला नसता. आणि तीन वर्षांत टोपल्यांची संख्या सारखी नसेल, तर रेघच काढता येत नव्हती.

तेव्हा हवं असलेलं उत्तर एक होतं. दर वर्षी एक टोपलं. उत्तर काय यायला हवं हे मला आधी कळलं होतं, आणि आता मी प्रश्न विचारायला जाणार होते. शाळेत प्रयोगवहीत मुली असं करायच्या तेव्हा मी पान फाडून पुन्हा लिहायला लावत असे.

दुसऱ्या दिवशी ताणकाटा घेऊन गेले. बेबीताईंनी उकिरड्यातून टोपलं भरलं आणि मी ते काट्याला अडकवलं. अकरा किलो चारशे ग्रॅम. पुन्हा भरायला सांगितलं. नऊ किलो आठशे. तिसऱ्यांदा तेरा किलो शंभर. मी तिन्ही लिहून घेतले.

बबनराव गोठ्यातून आले. “मॅडम, आज उकिरडा मोजून राह्यल्या का? आता आमच्या शेनाचीबी परीक्षा?”

मला सांगावं लागलं. मी जितकं सौम्य करून सांगता येईल तितकं सांगितलं. ते ऐकत असताना त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि त्याखालचा चेहरा बदलत गेला.

“तीन वर्सं,” ते बायकोला म्हणाले. “तीन वर्सं त्या उनातानात सुई घेऊन फिरून राह्यल्या, अन् तू तथी टोपली उलथवून राह्यली? आपल्या वावरात शास्त्र चालू आहे म्हनून मी साऱ्या गावाले सांगत हिंडलो! तोंड कुठं दाखवू आता?”

“मले कोनं सांगतलं होतं?”

“सांगाले कायले पायजे? कागदावर लिवलं होतं सारं.”

“कागद तुमाले देल्ला,” बेबीताई म्हणाल्या. “टोपलं माह्या डोक्यावर होतं.”

बबनरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून तो उगाच झटकला, आणि घरात निघून गेले.

बेबीताई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. “अन् मॅडम, तुमीबी नाई सांगतलं. माह्या हातचा च्या पेत होत्या तीन वर्सं.”

मी खाली वाकून ताणकाट्याचा हूक टोपल्यातून सोडवला. तो अडकला होता, त्याला वेळ लागला.

मग मी विचारलं. सरांनी सांगितलं होतं तसं, सावकाश.

“एका तुकड्यात किती टोपली टाकत होतात?”

“मोजून कोन टाकते? उरन तेवढं.”

“आठवून पाहा ना. पहिल्या वर्षी?”

“पहिल्या साली...” त्यांनी डोळे मिटले. “दोन असतीन. नाई नाई, तवा बैलजोडी होती, खत जास्त होतं. तीन असतीन. दुसऱ्या साली दोन. का मागच्या साली दोन? मागच्या साली माहा गुडघा सुजला होता, मंग दोन कुठून नेईन मी? अकरा नंबरले त अर्धंच देल्लं असन.”

मी लिहीत होते आणि खोडत होते. त्या माझ्या पेनाकडे पाहत होत्या. पेन थांबलं की त्या आकडा बदलायच्या. हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी पेन खाली ठेवलं.

त्यांनी टोपलं उपडं केलं आणि माझ्यासमोर त्यावर बसल्या.

“मॅडम, तुमाले किती पायजे?”

“म्हणजे?”

“किती टोपल्यानं तुमचं काम होते थे सांगा. मी तेवढंच सांगतो. तुमचे सर आले, आनखी कोनी साहेब आले, तरी तेवढंच सांगन. गायीच्या पाठीवर हात ठेवून सांगतो.”

पान माझ्या मांडीवर होतं. त्याच्या कोपऱ्यात कालचं गणित होतं. गोठ्यात गाय दावणीला अंग घासत होती. एक, एवढंच मला म्हणायचं होतं. त्या लगेच म्हणाल्या असत्या, हाव, एकच. आणि त्यांना मोकळं वाटलं असतं. तीस जूनच्या आत सगळं बसलं असतं.

“असं चालत नाही, बेबीताई.”

“काहून नाई चालत? चूक माही. माह्या तोंडानं निस्तरून देतो.”

“मग तुम्ही खरंच किती टाकलं ते कोणालाच कळणार नाही.”

“तसंबी कोनाले कळनार आहे?” त्या म्हणाल्या.

ते खरं होतं. मी वही मिटली.

त्या आठवड्यात मी नियतकालिकाला पत्र पाठवून निबंध मागे घेतला. पत्र चार ओळींचं झालं. विद्यापीठाला पाठवायचं पत्र एक पानभर झालं, कारण काय घडलं ते क्रमाने लिहावं लागलं. त्यात मी बेबीताईंचं नाव घातलं नाही. ‘प्रयोगाच्या अटी खत पसरणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोचवण्यात संशोधकाकडून कसूर झाली’ असं लिहिलं. पाठवण्याआधी सरांना दाखवलं.

“त्या बाई एक म्हणाल्या असत्या तर?” त्यांनी विचारलं.

“त्या एक म्हणाल्याच असत्या, सर.”

त्यांनी पत्र परत दिलं. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी होते. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, जेवून जाशील का. मी नाही म्हटलं.

विद्यापीठाच्या समितीने उरलेल्या नऊ प्लॉटचे आकडे पाहिले. कोऱ्या प्लॉटशिवाय त्यांचा प्रबंध होत नाही, दोन हंगाम नव्याने मोजावं, असं कळवलं. दोन हंगाम तीस जूनच्या आत होत नाहीत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. शाळेत विचारून पाहिलं. माझ्या जागेवर भैरवी नावाची मुलगी होती. दहावीला ती माझ्याच वर्गात होती. तिने मला प्रयोगशाळा दाखवली, कपाटं नवीन केली होती. सहाशेच्या वर काचेच्या बाटल्या माझ्या खोलीत खोक्यांत पडून होत्या. त्या तिला चालतील का विचारलं. म्हणाली, ठेवायला जागा नाही हो मॅडम.

त्या जमिनीतून शेणखतामुळे किती वायू निघतो, हे मी सुरुवात केली तेव्हा माहीत नव्हतं. आजही माहीत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी प्लॉटमधली लोखंडी कडी काढायला गेले. ती विद्यापीठाची होती, परत करायची होती. ढग होते आणि वारा पडलेला होता. बबनराव पहार घेऊन आले. एकेका कड्याखाली पहार घालून ते रेटायचे आणि मी दोन्ही हातांनी ओढायची. तीन वर्षांत मातीने कडी घट्ट धरून ठेवली होती. प्रत्येक कडं निघालं की जमिनीत एक गोल खाच राहायची. त्यांनी एकदाही पादडबा म्हटलं नाही. आठव्या कड्याला मीच म्हटलं, “हे पादडब्याचं काही निघत नाही हो.” ते “हाव” म्हणाले आणि पुन्हा रेटायला लागले.

बेबीताईंचं खत पसरणं सकाळपासून चालू होतं. उकिरड्यापासून वावरापर्यंत त्यांच्या खेपा चालल्या होत्या. माझ्या जवळून जाताना त्या नजर खाली ठेवून जात. बारावं कडं निघालं तेव्हा उकिरड्याचा तळ दिसायला लागला होता. त्यांनी खराट्याने कडेचं खत गोळा करून शेवटचं टोपलं भरलं, चुंबळ सारखी केली आणि ते डोक्यावर घेतलं.

त्या चार नंबरच्या कडेला आल्या आणि उभ्या राहिल्या.

“टाकू का?” मला विचारलं.

“टाका ना. आता काही हरकत नाही.”

“नक्की?”

“नक्की. प्रयोग संपला, बेबीताई. तुमचंच वावर आहे.”

“मंग तुमच्या वहीत लिवून घ्या. बेबीताईनं आज इतकं टाकलं म्हनून.”

“वही नाही आणली मी.”

त्यांनी बबनरावांकडे पाहिलं. बबनराव हातातल्या पहारीची माती पुसत होते. टोपल्याचा भार मानेवर येत होता, ते बेबीताईंच्या गळ्याच्या शिरांवरून दिसत होतं. त्यांनी एक पाय प्लॉटमध्ये ठेवला. कडं निघालेल्या खाचेच्या अलीकडे. मग तो मागे घेतला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “पुन्हा काई चुकन.”

“काहीच चुकणार नाही. मी सांगते ना.”

“तुमी सांगता माय. पन मले आता समजत नाई. कोनता तुकडा उपाशी आहे अन् कोनता मुद्दाम ठेवला आहे, थे मले आता समजत नाई.”

त्या वळल्या. गुडघा दुखत असल्यामुळे त्यांची चाल वाकडी पडत होती. उकिरड्यापाशी जाऊन त्यांनी टोपलं रिकाम्या खड्ड्यात उलटं केलं आणि त्याच्या बुडावर दोनदा थाप मारली.

बबनराव आणि मी ते पाहत होतो.

मी बारा कडी मोजून ऑटोत चढवली. चार, सात आणि अकरा नंबरमध्ये त्या वर्षी काहीही पडलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस आला. चोवीस तासांनी, सवयीने, मी सकाळी सहाला उठून बाटल्यांची पिशवी भरली होती, आणि मग ती तशीच खाटेवर ठेवून बसून राहिले.